खोक्याची ओळख

९ सप्टेंबर १९४९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक शहराच्या विमानतळावर एक पार्सल आलं. आत मूर्ती आहे, असं आणणाऱ्या बाईनं सांगितलं. पार्सल माल म्हणून नोंदलं गेलं आणि बे-कोमोकडे जाणाऱ्या डीसी-३ विमानात चढलं. त्यात मूर्ती नव्हती, डायनामाइट होतं. विमानातले तेवीसच्या तेवीस जण मेले. कटाचं मूळ घरगुती होतं: एका माणसाला बायको नकोशी झाली होती आणि तिच्या विम्याचे पैसे हवे होते. खटला चालला, तिघं फासावर गेले. पण मालवाहतुकीच्या खिडकीवर त्या दिवशी कोणी नियम मोडला नव्हता, कारण पाठवणारा कोण आणि खोक्यात खरोखर काय आहे, हे विचारायला लावणारा नियमच नव्हता. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांचा हवाई मालाच्या सुरक्षेचा इतिहास बहुतेकदा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी एक्स-रे, मग स्फोटकांचा माग काढणारी उपकरणं, मग संगणक. तो दुसऱ्या बाजूनंही वाचता येतो. प्रत्येक स्फोटानंतर तपासणी विमानाच्या दारापासून एकेक पाऊल मागे सरकली आणि शेवटी माल पाठवणाऱ्याच्या पॅकिंगच्या टेबलाशी येऊन थांबली. म्हणून निर्यातदाराला नव्या नियमासाठी आधीपासून तयार करणं हा सुरक्षेचाच भाग ठरतो, आणि जिथे तो मागाहून करायचा सोपस्कार मानला गेला तिथे नियम कागदावरच राहिला किंवा माल तरी अडला.

सुरुवातीचे उपाय विमानतळाच्या कुंपणाआतले होते. २१ फेब्रुवारी १९७० रोजी युरोपात एकाच दिवशी दोन विमानांत टपालाच्या पार्सलमधले बाँब फुटले. फ्रँकफुर्टहून व्हिएन्नाला निघालेलं ऑस्ट्रियन विमान कसंबसं परत उतरलं. झुरिकहून तेल अवीवला निघालेलं स्विसएअरचं विमान व्युरेनलिंगेनजवळ कोसळून ४७ जण मेले. हे बाँब विमान किती उंच गेलं हे हवेच्या दाबावरून ओळखून फुटणारे होते. त्यावरचा तोडगा अगदी सरळ निघाला: माल बंद कोठडीत ठेवायचा, विमान वर गेल्यासारखा दाब कमी करायचा आणि काही फुटतं का पाहायचं. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमांतही मालतपासणीच्या मान्य पद्धतींत ही कोठडी होती. घड्याळ लावलेल्या बाँबसाठी भारतासह काही देशांत माल चोवीस तास नुसता ठेवून द्यायची रीत होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १९७४ मध्ये सुरक्षेचं परिशिष्ट १७ स्वीकारलं आणि या सगळ्याला जागतिक चौकट मिळाली. पण या उपायांत एक अडचण मुळातच होती. समुद्रानं स्वस्तात जाणारा माल व्यापारी जास्त भाडं भरून विमानानं पाठवतो, तो वेळेसाठी. फुलं, मासळी, औषधं, बंद पडलेल्या कारखान्याचा सुटा भाग यांना एक दिवस थांबवणं म्हणजे ते भाडं पाण्यात घालणं. बाँब रोखण्याच्या उपायानं व्यापारच रोखला जाऊ लागला, तेव्हा दुसरा मार्ग शोधणं भाग पडलं.

तो मार्ग होता पाठवणाऱ्याच्या ओळखीचा. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ अटलांटिकवर फुटलं आणि ३२९ जण गेले. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकर्बीवर पॅन ॲमचं विमान कोसळलं, विमानातले आणि गावातले मिळून २७० जण मेले. दोन्ही बाँब बॅगांत होते, मालात नव्हते. तरीही बॅगांचं दार बंद होताच पुढचा प्रयत्न मालाच्या दारानं होणार, हे उघड होतं. भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र खातं झाला. ब्रिटननं १९९० मध्ये नवा सुरक्षा कायदा केला आणि त्या दशकात मालासाठी दोन नावं रूढ झाली: ‘रेग्युलेटेड एजंट’, म्हणजे सरकारनं मान्य केलेला फॉरवर्डर (पाठवणाऱ्याचा माल विमान कंपनीकडे पोचवणारा मध्यस्थ), आणि ‘नोन कन्साइनर’, म्हणजे ओळखीचा पाठवणारा. ओळखीच्याचा माल पुन्हा न तपासता विमानात चढे, अनोळखीचा तपासला जाई. कल्पना योग्य होती, तिची अंमलबजावणी सैल होती. ओळख कोण देणार, तर फॉरवर्डर; आणि पाठवणारा तर त्याचंच गिऱ्हाईक. एक घोषणापत्र, एक सही, आणि ओळख झाली. ज्याच्या बिलावर आपला धंदा चालतो त्याच्या गोदामात जाऊन उणिवा काढणं फॉरवर्डरला परवडणारं नव्हतं. ब्रिटननं पुढे सरकारनियुक्त स्वतंत्र तपासनीस कारखान्यात धाडायला सुरुवात केली. युरोपातल्या बऱ्याच देशांत सहीवरच काम भागत राहिलं.

तयारीला वेळ दिला तर काय होतं आणि न दिला तर काय, याचा पडताळा अमेरिकेनं दिला. ३ ऑगस्ट २००७ च्या कायद्यानं प्रवासी विमानातला सगळा माल तपासायचं ठरलं: फेब्रुवारी २००९ पर्यंत निम्मा, ऑगस्ट २०१० पर्यंत पूर्ण. तपासणी खोक्यागणिक व्हायची होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आख्खं पॅलेट विमानतळावर उघडून, तपासून, पुन्हा बांधायचं तर रांगा लागणार, हे तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनानं ओळखलं आणि कारखानदारांना व फॉरवर्डरना स्वतःच प्रमाणित तपासणीदार होण्याची वाट मोकळी केली. मधली वर्षं या तयारीत गेली आणि देशातून निघणाऱ्या मालाची मुदत पाळली गेली. परदेशातून अमेरिकेत येणाऱ्या मालाला मात्र ती लागू पडायला ३ डिसेंबर २०१२ उजाडला, कारण तिकडच्या पाठवणाऱ्यांपर्यंत वॉशिंग्टनचा हात पोचत नव्हता. कायदा एक, मुदत एक; फरक पडला तो माल बांधणाऱ्यापर्यंत कोण पोचलं यानं.

२९ ऑक्टोबर २०१० रोजी येमेनहून शिकागोला निघालेल्या दोन प्रिंटरांच्या काडतुसांत स्फोटकं सापडली, एक दुबईत आणि एक इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावर. ईस्ट मिडलंड्सचा बाँब पहिल्या तपासणीत दिसलाच नव्हता. ओळखीबाबतचे युरोपाचे कडक नियम त्याआधीच, त्याच वर्षी २९ एप्रिलला, लागू झाले होते. फॉरवर्डरनं दिलेली जुनी ओळख तीन वर्षं चालणार होती. त्यानंतर सरकारी मंजुरीशिवाय कोणी ‘ओळखीचा’ राहणार नव्हता. मंजुरीचा गाभा एका प्रश्नात होता: हा माल विमानानं जाणार आहे, हे तुमच्या कारखान्यात नेमकं कोणत्या क्षणी आणि कोणाला कळतं? त्या क्षणापासून माल राखायचा. लेबल छापताना कळत असेल तर लेबलाच्या टेबलापासून. ऑर्डरच विमानाची असेल तर थेट उत्पादनापासून. हात लावणाऱ्या माणसांची पार्श्वभूमी तपासायची, त्यांना शिकवायचं, उघडलं तर कळेल असं पॅकिंग करायचं, ट्रक बंद ठेवायचा. ज्यांनी हा प्रश्न वेळेत स्वतःला विचारला, त्यांना पुष्कळदा भिंती बांधाव्या लागल्या नाहीत. कामाचा क्रम बदलून, लेबल शेवटी लावून, राखायची जागा एका खोलीपुरती आणता आली. जे थांबून राहिले त्यांचा माल अनोळखी ठरला आणि फॉरवर्डरच्या एक्स-रेसमोर रांगेत लागला, शुल्कासह.

यावर पहिला आक्षेप असा की येमेनचे बाँब सौदी गुप्तचरांच्या खबरीनं सापडले. मग कारखान्यांना कशाला छळायचं? पण खबर उपयोगी पडली ती पार्सलांचा माग लागला म्हणून. पाठवणारा, मार्ग आणि मालाचं वर्णन नोंदलेलं नसेल तर खबरीचं करायचं काय? दुसरा आक्षेप यंत्रांचा: चांगली यंत्रं घ्या, निर्यातदाराला मोकळं सोडा. पण दाट धातूचा भाग एक्स-रेत काळा गोळा दिसतो आणि निर्जंतुक औषधाचं खोकं उघडलं की माल गेलाच. अशा मालाला बांधतानाच राखणं हाच शहाणपणाचा उपाय. तिसरा आक्षेप छोट्या व्यापाऱ्याचा, आणि तो खरा आहे. आठवड्याला दोन खोकी पाठवणाऱ्याला प्रशिक्षण आणि तपासनीस परवडत नाहीत. त्यानं ओळखीचा होण्याचा हट्ट धरूच नये. तपासता येईल असं पॅकिंग करावं आणि तपासणीचा वेळ व पैसा भावात धरावा. पण हा हिशेबही त्याला आधी कळायला हवा. चौथा आक्षेप गुप्ततेचा. युरोपीय नियमांचा काही भाग प्रसिद्धच होत नाही, हे खरं. झाकलेला असतो तो तपासनिसाच्या कामाचा तपशील. निर्यातदाराच्या वाट्याचं काम सांगण्यात गुपित फुटत नाही.

हा प्रश्न मुंबईपासून दूर नाही. येमेन प्रकरणानंतर युरोपनं बाहेरून माल आणणाऱ्या विमान कंपन्यांना प्रत्येक विमानतळासाठी वेगळी मंजुरी सक्तीची केली. १ जुलै २०१४ पासून त्यासाठी प्रत्यक्ष जागेवरची पडताळणी लागते. सहारच्या कार्गो संकुलातून युरोपला जाणारं खोकं तेव्हापासून ब्रुसेल्सच्या नियमात बसवूनच चढतं. ३० जून २०२१ पासून फक्त माल नेणाऱ्या विमानांना तपासणीत असलेली सवलतही जगभर संपली. १ मार्च २०२३ पासून युरोपकडे निघालेल्या हवाई मालाची माहिती विमानात चढवण्यापूर्वी तिकडच्या सीमाशुल्क खात्याला द्यावी लागते, आणि आगमनाआधीच्या पूर्ण घोषणेत सहा आकडी वर्गीकरण क्रमांकही लागतो. ‘सुटे भाग’ किंवा ‘भेटवस्तू’ असं मोघम वर्णन आता चालत नाही. ते वर्णन विमान कंपनीला येत नाही, फॉरवर्डरलाही नाही. ते बीजक लिहिणाऱ्या कारकुनालाच येतं. जुलै २०२४ मध्ये लिथुआनियाहून निघालेली पार्सलं लाइपझिग आणि बर्मिंगहॅमला पेटली, आणि काही आठवड्यांतच अमेरिका व कॅनडानं युरोपातून येणाऱ्या मालावर नवे निर्बंध घातले. तेव्हा तीन वर्षांची सवड कोणालाच मिळाली नाही. पुढचा नियमही असाच येईल. तेव्हा निर्यातदारानं आजच आपल्या गोदामात उभं राहून तो जुना प्रश्न विचारावा: हे खोकं विमानानं जाणार, हे इथे कोणाला आणि केव्हा कळतं? उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तयारी अजून व्हायची आहे.