सीसीसीचं साल

एप्रिलची खरड छाटणी झाली की द्राक्षवेलीचा शेंडा सुसाट पळतो. तो थांबावा आणि काडीत घड तयार व्हावा म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड फवारायचं, ही तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यातली जुनी रीत. बागेत त्याला सगळे सीसीसीच म्हणतात. फवारणी उन्हाळ्यात, माल निघणार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. इतक्या महिन्यांनी मण्यात काही उरेल, हे कुणाच्या मनातही नव्हतं. 2010 मध्ये युरोपातल्या प्रयोगशाळांना ते मण्यातच सापडलं. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. कंटेनर परदेशी बंदरांवर अडकले आणि त्याची झळ सांगली जिल्ह्यातल्या बांधापर्यंत आली.

अपेडाच्या वाटचालीतला हा फार कडू हंगाम. 1985 च्या कायद्याने उभी राहिलेली ही केंद्रीय संस्था शेतमालाच्या निर्यातीला बळ देण्यासाठी आहे. द्राक्षात तिला पहिला धक्का 2003 मध्ये बसला होता. तेव्हा नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला हाताशी धरून अशा उरलेल्या अंशांच्या, म्हणजे रेसिड्यूच्या, तपासणीची शिस्त लागली आणि 2006 मध्ये मालाचा बागेपर्यंत माग ठेवणारं ‘ग्रेपनेट’ सुरू झालं.

छोट्या बागायतदाराला खरा आधार मिळाला तो इथे. कृषी विभागाकडे नोंदलेल्या प्रत्येक प्लॉटला स्वतःचा क्रमांक. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन सॅम्पल नेतो. अहवाल नापास आला, तर तेवढाच प्लॉट संगणकावर अडतो, शेजाऱ्याची बाग वाचते. पेटीवरच्या खुणेवरून माल कोणत्या बागेतला, हे परदेशातला खरेदीदारही शोधू शकतो. एकर-दोन एकरवाल्याकडे मोठ्या कंपनीचं नाव नसतं. त्याची पत म्हणजे हा क्रमांक.

मग 2010 मध्ये ही व्यवस्था का फसली? तपासणीच्या यादीत सीसीसीच नव्हतं. जे शोधायला सांगितलं नाही, ते प्रयोगशाळा कुठून शोधणार? हा दोष बागायतदाराचा नव्हता, यादी करणाऱ्यांचा होता, आणि किंमत मात्र बागायतदार आणि निर्यातदारांनी मोजली. त्यानंतर सीसीसी यादीत आलं आणि बागांमधली जुनी रीत मोडावी लागली. संस्थेने चूक दुरुस्त केली, हे तिच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पण बाहेरच्या देशाचा नियम बदलला, की तो छाटणीआधी गावात पोचायला हवा. माल जहाजात चढल्यावर कळून काय उपयोग?

पुढे डाळिंबासाठी याच धर्तीवर ‘अनारनेट’ आलं, त्याचा उपयोग साताऱ्याच्या फलटण, माणकडच्या बागांनाही आहे. पण काही संकटं तपासणीपलीकडची असतात. मार्च 2020 मध्ये द्राक्षाच्या ऐन हंगामात टाळेबंदी लागली, तेव्हा तोडणीला मजूर आणि मालाला गाडी मिळेना. कितीतरी माल बेदाण्याच्या शेडवर गेला. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवासाचे दिवस वाढले, भाडं वाढलं. अशा संकटात क्रमांक पुरत नाही. तिथे भाड्याला हातभार लागतो आणि दुसरी बाजारपेठ दाखवणारं कुणीतरी लागतं. हे काम अजून तोकडं आहे.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. या छाटणीपासून प्रत्येक फवारणी त्याच संध्याकाळी वहीत लिहा. औषधाचं नाव, प्रमाण, तारीख. आणि प्लॉटची नोंदणी मुदतीत करा.