पिनकोडचा रकाना

विलेपार्ले पूर्व ४०००५७, पश्चिम ४०००५६. मधून रेल्वेचे रूळ. ऑनलाइन फॉर्म भरताना शेवटचा एक आकडा चुकला की पत्ता रूळ ओलांडतो, आणि फॉर्म तो बिनतक्रार स्वीकारतो.

पिनकोडच्या या रकान्याचं एक कूळ टपाल खात्यात आहे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे पिनकोडचे जनक. मूळचे कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढणारी त्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. सुरुवातीला शून्य कधीच नाही. इतकी नेटकी रचना मला फार थोड्या सरकारी क्रमांकांत दिसते.

दुसरं कूळ पीएचपीचं, म्हणजे फॉर्मची माहिती सर्व्हरवर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं. रासमुस लर्डॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही साधनं लिहिली. फॉर्ममधली माहिती वाचणं हे लवकरच त्या साधनांचं एक काम झालं. पुढे बरीच वर्षं फॉर्ममधून आलेला प्रत्येक रकाना आपोआप प्रोग्रॅममधलं व्हेरिएबल होई. सोय मोठी, पण बाहेरचा माणूस नको ते व्हेरिएबलही घुसवू शके. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीने ही सोय मुळातच बंद ठेवली, २०१२ मध्ये ५.४ने ती काढून टाकली. दरम्यान अशी नेहमीची कामं तयार करून देणारी फ्रेमवर्क आली. २०११ साली आलेल्या लारावेलमध्ये वेलणकरांची चौकट एका ओळीत मावते: पहिला आकडा एक ते नऊ, पुढे कोणतेही पाच. ही ओळ सर्व्हरवर हवीच. ब्राउझरमधली तपासणी कोणीही टाळू शकतो.

खरी कसोटी टेस्ट लिहिताना लागते. ४०००५७ पास. शून्याने सुरू होणारा नापास, पाच आकडी नापास. पण ‘४०० ०५७’? पाकिटावर माणसं पिनकोड असाच मधे जागा सोडून लिहितात. त्याला चूक ठरवणारा फॉर्म उद्धट आहे. आधी मोकळी जागा काढावी, मग तपासावं. आकडे देवनागरीत आले तर आधी बदलून घ्यावेत. मराठी माणसाला मराठी आकड्यांसाठी लाल अक्षरांत एरर दाखवणं मला तरी पटत नाही.

उरला ५६ आणि ५७चा घोळ. आधारच्या बारा आकड्यांत शेवटचा आकडा आधीच्या अकरांची पडताळणी करतो. पिनकोडमध्ये तशी सोय नाही. दोन्ही क्रमांक नियमात बसतात, टपाल कार्यालयांच्या यादीतही सापडतात. म्हणून पिनकोड टाकताच बाजूला ‘विलेपार्ले पूर्व’ असं दाखवावं आणि बरोबर आहे का, हे भरणाऱ्यालाच विचारावं. तेवढ्यासाठी एक टेस्ट जास्त लिहावी लागते.