वृद्धांचें न्हाणें-माखणें

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या देवळाचा, शाळेचा व मिशनऱ्यांच्या कष्टांचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलाच आहे. आम्ही ज्या विषयास हात घालीत आहों, तो चारचौघांत काढण्यासारखा नाहीं असें कित्येक वाचकांस वाटेल. म्हातारीं माणसें परक्याच्या आधारानें राहूं लागलीं म्हणजे त्यांस न्हाऊं कोण घालतो, त्यांची दाढी कोण करतो, त्यांचें मळलेलें वस्त्र कोण बदलतो, हा तो विषय होय. यालाहि इतिहास आहे.

पूर्वीं आपल्या खेड्यांतून हें काम वांटून दिलेलें असे. म्हाताऱ्याची हजामत बलुतेदार न्हावी ओसरीवर बसून करी, नखें काढी, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर येऊन आपलें बलुतें घेऊन जाई. म्हातारीचें डोकें लेक किंवा सून शिकेकाईनें धुवी. परंतु ही व्यवस्था सर्वस्वीं गोड होती असें कोणी समजूं नये. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांच्या दारीं तो न्हावी फिरकत नसे. ते एकमेकांची हजामत आपणच करीत. शिवाय ज्या वस्तऱ्यानें आजोबांचा चेहरा उजळे, त्याच वस्तऱ्यानें कांहीं जातींत विधवांचें केशवपन होई. 1890 सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हावी मंडळींनीं सभा भरवून असें काम न करण्याचा ठराव केला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां आपण गोव्याकडे वळूं. पिरार द लाव्हाल नांवाचा फ्रेंच प्रवासी 1608 सालीं आजारी होऊन तेथील राजाच्या इस्पितळांत दाखल झाला. इस्पितळाची देखरेख त्या काळीं येशूसंघीय धर्मगुरूंकडे होती. रोगी आला म्हणजे आधीं त्याचे केस कापावयाचे, मग त्यास स्नान घालून धुतलेले कपडे द्यावयाचे, आणि उशाशीं पिण्याच्या पाण्याचें भांडें ठेवावयाचें, असा तेथला शिरस्ता त्यानें लिहून ठेविला आहे. मात्र हें सुख पोर्तुगीज शिपाई व खलाशी यांजकरितां होतें, देशी गोरगरिबांस नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे.

वृद्धांचीच सेवा हें ज्यांचें व्रत, त्या भगिनींचा उगम फ्रान्स देशांतील सां-सर्व्हां या गांवीं झाला. 1839 च्या हिवाळ्यांत जान ज्युगां या गरीब बाईनें एका आंधळ्या, अर्धांगानें लुळ्या झालेल्या विधवेस आपल्या बिऱ्हाडीं आणिलें. तिला पाठुंगळीं घेऊन अरुंद जिना चढली, तिला आपला बिछाना दिला, आणि आपण माळ्यावर निजूं लागली. पुढें वृद्धांची संख्या वाढली तेव्हां त्यांच्यावर भीक मागण्याची पाळी येऊं नये म्हणून टोपली घेऊन तीच दारोदार फिरे. 2009 सालीं पवित्र सभेनें तिला संतपद दिलें. तिच्या भगिनी 1882 सालीं कलकत्त्यास आल्या. नंतर सिकंदराबाद, पुणें, मुंबई येथेंहि त्यांचीं वृद्धगृहें निघालीं. यांपैकीं सिकंदराबाद आमच्या नांदेडास अधिक जवळचें. 1948 पर्यंत आपण त्याच निजामी राज्यांत होतों, व रेल्वेहि तिकडेच जाते.

आपल्या भागावर मात्र दोन संकटें अशीं आलीं कीं, हा प्रश्न घरोघर उभा राहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटें किल्लारीच्या भूकंपांत सुमारें 10,000 माणसें गेलीं. आणि कित्येक म्हाताऱ्यांस न मुलगा उरला, न सून. दुसरें संकट पाण्याचें. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातूरला पाणी आणावें लागलें. अशा दिवसांत पहिली काटकसर होते ती अंथरुणावरील म्हाताऱ्याच्या आंघोळींत, कारण तो तक्रार करीत नाहीं. 2007 च्या कायद्यानें वृद्ध आईबापांस महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागतां येतो, व दर जिल्ह्यांत निदान 150 निराधार वृद्धांची सोय व्हावी असेंहि त्यांत आहे. रक्कम कायद्यानें ठरते. न्हाणें ठरत नाहीं.

एका परिचारिका भगिनीकडून आम्ही शिकलों तें येथें देतों. पाणी थोडें असलें तरी ऊन पाण्याचा एक तांब्या व दोन-तीन स्वच्छ फडकीं पुरतात. प्रथम तोंड पुसावें, गुह्य अंगें शेवटीं व निराळ्या फडक्यानें. स्त्रियांचें अंग पुढून मागें पुसावें, नाहींतर लघवीचा विकार जडतो. काखा, जांघा व बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या. जो भाग पुसावयाचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. आणि हात लावण्यापूर्वीं विचारावें. माणसास ऐकूं येत नसलें तरी विचारावें.

हें शेवटचें आम्हांस एका वृद्धाश्रमांत चांगलेंच कळलें. तेथें ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलों असतां एक आजी पदर खालीं ओढून बसलेली. मान वर करीना. आदल्या दिवशीं तिचे केस कातरले होते. उवा होतात, हात अपुरे पडतात, असें तेथील बाईंनीं सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. पण आजीला कोणी विचारलें नव्हतें. 1890 सालच्या न्हाव्यांस जें उमगलें होतें, तें आम्ही इतक्या वर्षांनीं विसरलों, असें मनांत आलें. आम्हीहि त्या आश्रमांत वर्षभर जात होतों, आणि केसांविषयीं एक शब्द कधीं काढला नव्हता.

आतां आपल्या पॅरिशमधील दोन बाया दर शनिवारीं तेल व बारीक दातांची फणी घेऊन तेथें जातात, उवा वेंचतात, वेणी घालतात. दाढी करण्यास एक तरुण जातो; पातें दर माणसास नवें. एक आजोबा दाढी करूं देतात, मिशीला हात लावूं देत नाहींत. मिशी तशीच आहे.