मुंबई–न्यूयॉर्क : अंतर तेच, वेळ मात्र...

आपल्यापैकी प्रत्येकाला एक आकडा तोंडपाठ असतो : घरी पोचायला किती तास लागतात! पण हा आकडा कायम नव्हता, आणि आजही नाही.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते. पण घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, मुलांनाही दाखवा. दोरा उत्तरेला सरकतो आणि थेट नॉर्वे, आइसलंडच्या बाजूने येतो. सर्वांत जवळचा रस्ता तोच.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ५८ दिवस! वय फक्त १८. तेही सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता म्हणून. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालावा लागे. घरची बातमी पत्रातून कळायची, आणि ती वाचेपर्यंत जुनी झालेली असायची. १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या परत निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोचल्या. तेव्हा क्षयाने त्या खंगल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

विमानं आली तीसुद्धा टप्प्याटप्प्याने. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला येऊ लागलं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेले आपले डॉक्टर, इंजिनिअर अशाच थांबत थांबत जाणाऱ्या विमानांनी आले. प्रवास महिन्यांवरून तासांवर आला, पण तिकीट परवडत नव्हतं. त्यामुळे तार आली तरी अनेकांना जाता आलं नाही. त्या पिढीचं हे दुःख फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क नॉनस्टॉप सुरू केली. इकडून जाताना साधारण १४ तास, येताना १६. हा फरक का? आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते पाठीवर असतात, येताना तोंडावर!

आणि वाऱ्यापेक्षा राजकारण मोठं. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध पेटलं, रशियाचं आकाश अमेरिकन विमानांना बंद झालं आणि काही थेट फेऱ्या थांबल्या. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि वळसे वाढले. अंतर इंचभरही वाढलं नाही, रस्ता मात्र लांबला.

मंडळी, आपल्या दृष्टीने या सगळ्या हिशोबाचा अर्थ एकच : फोन आल्यावर आपण वेळेत पोचू का? आपल्याकडे अंत्यसंस्कार सहसा त्याच दिवशी होतात, त्यामुळे १४ तासही कधी कधी जास्तच ठरतात. विमान याहून फार वेगात जाईल, अशी चिन्हं नाहीत. तेव्हा पासपोर्ट, व्हिसा, ओसीआयची कागदपत्रं तयार ठेवूया. आणि आईवडील धडधाकट असतानाच, काहीही कारण नसताना, एक फेरी मारून येऊया. त्या फेरीत उशीर होण्याची भीती नसते.