उत्तरेच्या स्मरणवस्तु

काशीहून परतलेल्या माणसानें गंगेचा गडू आणला नाहीं, किंवा पंढरपुराहून आलेल्यानें बुक्का आणि चुरमुरे वांटले नाहींत, तर त्याची यात्रा खरोखरच झाली यावर आमच्या आळींतील वृद्ध मंडळींचा विश्वास बसत नसे. प्रवास पायांनीं होतो. पण त्याची पोंच हातांनीं द्यावी लागते. २०१९ सालच्या उन्हाळ्यांत उत्तर युरोपची सागरी फेरी करून मी सपत्नीक परत आलों, तेव्हां ही पोंच देण्याची पाळी माझ्यावर आली. सकाळीं बंदरांत उतरावें, दिवसभर शहर पाहावें आणि रात्रीं पुन्हा जहाजावर चढावें, असा तो प्रवास होता. ऑस्लो असो, ग्दान्स्क असो, स्टॉकहोम असो वा सेंट पीटर्सबर्ग असो, धक्क्यापासून शहराच्या चौकापर्यंत "पारंपरिक" या एका शब्दाचा बाजार मांडलेला. त्या बाजारांतून आलेल्या चार वस्तु माझ्या दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत आहेत: लोंकरीच्या हातमोजांचा एक जोड, तृणमण्यांची माळ, तांबडा लांकडी घोडा आणि पोटांत पोट असलेली रशियन बाहुली.

एके दिवशीं शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ कपाटापाशीं बराच वेळ उभे राहिले व म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पारंपरिक म्हणतां, पण ह्या वस्तु आहेत तरी किती जुन्या?" इतिहास शिकविण्यांत उभें आयुष्य घालविलेल्या माणसास हा प्रश्न झोंबावा हें स्वाभाविकच आहे. मीं कांहीं तरी मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेली, आणि ते गेल्यावर पुस्तकें काढून बसलों. त्या शोधानें प्रथम माझा हिरमोड झाला, आणि मग, ज्याची अपेक्षा नव्हती असें समाधानही लाभलें.

चौघींत सर्वांत पुरातन भासते ती रशियन बाहुली, मात्र्योश्का. डोक्याला रुमाल, वाटोळा चेहरा, फुगीर देह. पीटर बादशहाची आजीही हिच्याशींच खेळली असेल, असें वाटावें! वास्तविक तिचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतला. मॉस्को शहरांत अनातोली मामोंतोव्ह याची खेळण्यांची एक कर्मशाळा होती. तेथें वासिली झ्व्योझ्दोच्किन या कारागिरानें कांतावर धरून घडविलेला आणि सेर्गेई मल्यूतिन या चित्रकारानें रंगविलेला आठ बाहुल्यांचा संच हा या कुळाचा मूळपुरुष, किंवा खरें म्हणजे मूळमाता. बाहेरची मुलगी काळा कोंबडा कवटाळून उभी, आणि सर्वांत आंत दुपट्यांत गुंडाळलेलें तान्हें मूल. ही कल्पना जपानांतून आलेल्या एका तशाच पोकळ बाहुलीवरून सुचली असें सांगतात. त्याविषयीं अभ्यासकांत वाद आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत या बाहुलीस ब्राँझचें पदक मिळालें, आणि मग ती "प्राचीन रशियाची" प्रतिनिधि होऊन जगभर फिरूं लागली.

हें असें कां झालें? रशियांतील भूदास १८६१ सालीं मुक्त झाले. त्यानंतर कारखाने वाढले, आणि खेड्यांतील जुने हस्तव्यवसाय मागें पडूं लागले. जें हातचें निसटतें त्याचीच माणसास ओढ लागते. मॉस्कोच्या सुशिक्षित धनिकांस आपलें खेडें आठवूं लागलें, आणि त्या आठवणीनें घेतलेलें रूप म्हणजे ही बाहुली. तिचें नांव मात्र खरोखर जुन्या वंशांतलें आहे. मात्र्योना या ग्रामीण नांवाचें तें लाडकें रूप, आणि त्याच्या मुळाशीं लॅटिनांतील मातेचा वाचक शब्द. आपला "मातृ" हा त्याचाच सख्खा भाऊ. घडवितांना मात्र क्रम उलटा असतो. सर्वांत धाकटी बाहुली आधीं कांतावयाची, आणि तिच्या मापानें बाहेरची. येथें लेकीच्या मागून आई जन्मास येते.

बाहुलीनें असा दगा दिल्यावर मीं मोठ्या आशेनें हातमोजांकडे वळून पाहिलें. पांढऱ्या लोंकरीवर काळी आठपाकळी गुलाबाकृति. ऑस्लोच्या दुकानदारानें हा नॉर्वेचा युगानुयुगांचा नमुना म्हणून दिला होता. ती आकृति जुनी आहे, आणि युरोपांत अनेक ठिकाणीं आढळते. परंतु हे हातमोजे कोणी व केव्हां प्रथम विणले, हें मात्र वर्षासह सांगतां येतें. ट्रॉन्डहाइमजवळील सेल्बू नांवाच्या खोऱ्यांत १८५७ सालीं मारित एम्स्टाड नांवाची सोळा वर्षांची मुलगी असे दुरंगी हातमोजे घालून चर्चमध्यें गेली. तेथें जमलेल्या मुलींनीं ते पाहिले. पुढें साऱ्या खोऱ्यांत ते विणले जाऊं लागले, आणि लग्नांत पाहुण्यांस हातमोजे देण्याचाही प्रघात पडला. ट्रॉन्डहाइमच्या गृहोद्योग मंडळानें ते विकत घेण्यास सुरुवात केल्यावर तर शेतकऱ्यांच्या बायकामुलींच्या हातीं रोकड येऊं लागली. दुकानदारानें युगानुयुगांची म्हणून दिलेली ही परंपरा एका अल्लड पोरीच्या हौसेंतून निघालेली!

येथवर माझा हिरमोड झाला होता, हें मी कबूल करितों. परंपरेस आदि नसतो अशी आपली एक भाबडी समजूत असते. आदि सांपडला कीं ती खोटी ठरली, असें आपणांस वाटतें. पण विचार केला, कीं सेल्बूच्या त्या चर्चमध्यें हा नमुना ज्यांनीं प्रथम पाहिला, त्यांस तो खोटा वाटला काय? त्यांना तो आवडला, त्यांनीं तो उचलला, आणि पुढें लेकींस शिकविला. परंपरा म्हणतात ती याहून निराळी कोणती असते?

तिसरी वस्तु घोडा. स्वीडनच्या दालार्ना प्रांतांत हिवाळे लांब आणि रात्री त्याहून लांब. जंगलांत लांकूडतोडीस गेलेल्या माणसांनीं शेकोटीपाशीं बसून लांकडाच्या तुकड्यांतून घोडे कोरावेत, आणि घरीं परततांना ते पोरांस खाऊ म्हणून न्यावेत, अशी ही चाल. घोडाच कां? कारण शेतीचा आणि जंगलांतला सोबती तोच. त्याच्या पाठीवरील फुलांची नक्षीही मोठी विलक्षण आहे. तिला कुर्बिट्स म्हणतात. मूळ अर्थ भोपळा. बायबलांतील योना नांवाच्या प्रेषितावर उन्हांत ज्या भोपळ्याच्या वेलानें सावली धरली, तोच हा वेल. ज्या मुलखांत ऊन हें दुर्मिळ सुख, तेथील कारागिरानें सावलीचा वेल घोड्याच्या पाठीवर चढविला आहे!

नुस्नेस या गांवांत १९२२ सालीं ग्रान्नास आन्देर्स ओल्सोन यानें या घोड्यांची कर्मशाळा काढली. पुढें १९३९ सालच्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत स्वीडनच्या मंडपापुढें पुरुषभर उंचीहून मोठा असा एक तांबडा घोडा उभा केला गेला, आणि दालार्नाचा घोडा एकदम साऱ्या स्वीडनचा झाला. एका खोऱ्यांतील बापानें आपल्या पोरासाठीं कोरलेलें खेळणें राष्ट्राचें चिन्ह होऊन बसलें, तें परक्या देशांतील एका प्रदर्शनामुळें. आपण कोण हें पुष्कळदां आपणांस पाहुण्याच्या डोळ्यांनींच कळतें.

आतां चौथी वस्तु, माळ. ही मात्र जुनी, इतकी कीं तिच्यापुढें इतिहासानें हात जोडावे. सुमारें चार कोटि वर्षांपूर्वींच्या अरण्यांतील वृक्षांचा डीक गोठून हा पिंवळा खडा झाला. बाल्टिकच्या वादळानंतर तो किनाऱ्यावर येऊन पडतो. ग्रीक त्यास एलेक्ट्रॉन म्हणत. घांसला असतां तो हलक्या वस्तु ओढतो, म्हणून १६०० सालीं विल्यम गिल्बर्टनें त्यावरूनच विद्युच्छक्तीच्या नांवाचा पाया घातला. आमच्या पूर्वजांनीं तर हा गुण नांवांतच गोंवला आहे: संस्कृतांत तृणमणि, फारसींत काहरुबा, म्हणजे गवत पळविणारा. आजच्या नकली प्लॅस्टिकच्या मण्यासही गवत चिकटतें, म्हणून ती परीक्षा आतां पुरी पडत नाहीं. दाट मिठाच्या पाण्यांत टाकावा. खरा तृणमणी तरंगतो, आणि बहुतेक प्लॅस्टिक बुडतें.

पण या सर्वांत जुन्या वस्तूचाच इतिहास सर्वांत कठोर आहे. तेराव्या शतकांत ट्यूटॉनिक नांवाच्या धर्मयोद्ध्यांच्या पंथानें प्रशियाचा किनारा जिंकला आणि तृणमण्यावर आपली मक्तेदारी बसविली. कोळ्यांनीं तो गोळा करावयाचा, पण एक खडाही घरीं ठेवावयाचा नाहीं. ठेवला तर शिक्षा, आणि ती प्रसंगीं फांशीची. ब्रुज व ल्यूबेक येथील कारागीर संघ त्याच्या जपमाळा करीत, आणि पंथाची तिजोरी भरे. ज्या मण्यांवर भाविकांनीं देवाचें नांव घेतलें, ते वेंचणाऱ्याच्या मानेभोंवती मात्र दोर होता. प्राचीनत्व हें कांहीं पावित्र्याचें प्रमाणपत्र नव्हे. सोळा वर्षांच्या मारितचे हातमोजे या माळेपुढें कालचे असतील. पण विणकरणीच्या घरीं त्यांचा पैसा पोंचला, हें मला अधिक मोलाचें वाटतें.

येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जरी ती माझ्या कमीपणाची आहे. कपाटांत पांचवी वस्तु नाहीं; ती ट्रंकेंत आहे. नातीसाठीं एका बंदरांतील दुकानांतून मीं चार शिंगांची रंगीत टोपी आणली होती. ती सामी लोकांची, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेस रेनडियर पाळणाऱ्या मूळ रहिवाशांची, असें दुकानदार म्हणाला. आंतली चिठ्ठी मीं घरीं आल्यावर वाचली. टोपी भलत्याच दूरच्या देशांतील कारखान्यांत झालेली होती. सामींच्या वेषावरून त्यांच्यांतील घराणें व गांव ओळखतां येतें, आणि असल्या नकली वेषाचा त्यांस मनस्वी संताप आहे. स्वतःच्या खऱ्या हस्तकलेसाठीं त्यांनीं १९८२ सालीं "दुओद्यी" हें निशाण ठरविलें तें याचसाठीं. विसाव्या शतकांत कित्येक दशकें ज्यांच्या मुलांस शाळांतून मातृभाषा बोलण्याची चोरी होती, त्यांची टोपी मात्र सर्वांस हवी! ती टोपी नातीच्या डोक्यावर घालण्यास माझे हात धजले नाहींत. त्या टोपीचा नमुना जुनाच होता. खोटें होतें तें एवढेंच, कीं ज्यांची ती, त्यांचा तींत हात नव्हता आणि वाटाही नव्हता.

शेजारच्या गृहस्थांस आतां मी उत्तर देऊं शकतों. वस्तु किती जुनी हा प्रश्न दुय्यम. ती कोणाच्या हातची आणि कोणाच्या पोटासाठीं, हा पहिला. त्या कसोटीस माझ्या चारही वस्तु उतरल्या असें मी छातीठोक म्हणत नाहीं. पण प्रश्न तरी बरोबर सांपडला.

शेवटीं एक स्मरणवस्तु अशी, जी विकत मिळत नाहीं. स्टॉकहोमच्या इतिहास-संग्रहालयांत एक छोटी ब्राँझची बुद्धमूर्ति आहे. उंची सुमारें साडेआठ सेंटिमीटर, कमळावर पद्मासन घातलेली. मेलारेन सरोवरांतील हेल्यो नांवाच्या बेटावर १९५६ सालीं उत्खननांत ती सांपडली. ती घडली आपल्या उपखंडाच्या वायव्येकडे, इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास. त्याच बेटावर आयर्लंडांतील धर्मगुरूच्या दंडाचें टोंकही निघालें. मूर्तीच्या गळ्याभोंवती व डाव्या हाताशीं चामड्याची पट्टी होती. कोणीं तरी ती अंगावर बाळगली असावी.

मी त्या कांचेपुढें बराच वेळ उभा राहिलों. हातोहात, नद्यांच्या वाटेनें, बाजारामागून बाजार ओलांडून ती तेथवर पोंचली. ज्याच्याजवळ ती होती त्यास बुद्ध कोण, कमळ कसलें, हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी त्यानें ती चामड्याला बांधून जवळ ठेविली, हरवूं दिली नाहीं. माझ्या पिशवींत त्या वेळीं कागदांत गुंडाळलेला तांबडा घोडा होता. एका अनोळखी उत्तरवासीयानें आमच्याकडची वस्तु जपली होती, आणि मी त्याच्या वंशजांची वस्तु घेऊन परत निघालों होतों. बत्तिशी दाखवून हंसणाऱ्या त्या घोड्याला मीं पिशवींत हातानें चांचपून पाहिलें, आणि बंदराची वाट धरली.