पाच नंबर, नऊ नंबर आणि आपल्या चेहऱ्याचा रंग

मंडळाच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर एक पत्र्याची पेटी आहे. गणपतीच्या आरासाचं सामान काढताना ती दरवर्षी खाली येते आणि कुणी न उघडता पुन्हा वर जाते. यंदा स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधताना ती उघडली. आत खिळखिळा आरसा, काजळाची डबी, दाढीमिशांच्या क्रेपचे गुंडाळे, दगडासारखा झालेला स्पंज, पॅनकेकची एक चपटी गोल डबी आणि कागदात गुंडाळलेल्या रंगाच्या सात-आठ कांड्या. त्यांतल्या बहुतेक जवळपास अखंड होत्या. दोनच झिजून बोटभर उरल्या होत्या, पाच नंबरची आणि नऊ नंबरची.

या दोन कांड्यांची गोष्ट आपल्या घरांतल्या पुष्कळ जुन्या फोटोंची गोष्ट आहे, म्हणून ती इथे सांगतो. आज दुकानात मुली 'फाउंडेशन' मागतात आणि आपल्या रंगमंचाच्या भाषेत आपण 'बेस' म्हणतो. वस्तू एकच: चेहऱ्यावरचा पहिला थर, ज्याच्यावर बाकीचा सगळा साज उभा राहायचा.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा रंगाच्या कांड्या नव्हत्या. त्या काळची रंगपेटी म्हणजे सफेता, पिवडी, हिंगूळ, गेरू आणि काजळ. हे रंग पाण्यात किंवा तेलात कालवून तोंडाला फासायचे. उजेड मशालींचा, पुढे तेलाच्या दिव्यांचा. त्या पिवळट, हलत्या उजेडात शेवटच्या रांगेला नाकडोळे दिसायचे तर चेहरा भडक रंगवण्याला पर्याय नव्हता. म्हणून तेव्हाच्या नटांना हसू नये. त्यांचा रंग त्यांच्या दिव्याला साजेसा होता.

पण सफेता हे साधं प्रकरण नव्हतं. शिशापासून केलेली पांढरी पूड जगभर नटांनी आणि सरदारघराण्यांतल्या स्त्रियांनी शतकानुशतकं तोंडाला लावली. ती त्वचेवर अतिशय गुळगुळीत बसे आणि हळूहळू अंगात भिनत जाई. जपानच्या काबुकी नाटकांत स्त्रीभूमिका पुरुषच करत, आपल्या जुन्या संगीत रंगभूमीसारखंच. १८८७ साली तिथल्या सम्राटापुढे झालेल्या प्रयोगात नाकामुरा फुकुसुके या नामवंत नटाचे पाय थरथरू लागले. कारण निघालं शिशाची विषबाधा, रोज तोंडाला लागणाऱ्या पांढऱ्या रंगातून झालेली. आपल्याकडच्या जुन्या नटमंडळींच्या दुखण्यांची अशी नोंद कुणी ठेवली नाही.

शिशाला पर्याय शोधला तो एका गायकानेच. बर्लिनचा लुडविग लाइशनर हा ऑपेरात गाणारा. त्याने १८७३ मध्ये चरबीत कालवलेल्या, शिसं नसलेल्या रंगांचा कारखाना काढला. मेणबत्तीसारख्या कांड्या, प्रत्येकीला एक नंबर. थोड्याच वर्षांत त्या जगभरच्या नाटकवाल्यांच्या पेट्यांत पोचल्या. विलायतेतल्या हौशी नटांचं एक ठरलेलं मिश्रण होतं: हस्तिदंती रंगाची पाच नंबर आणि विटकरी रंगाची नऊ नंबर. पाचचे पट्टे ओढायचे, त्यांत नऊचे ठिपके द्यायचे आणि हाताने एकजीव करायचं. तयार झाला 'माणसाचा रंग'. अर्थात विलायतेतल्या माणसाचा. हे कोष्टक जसंच्या तसं आपल्याकडे आलं आणि आपणही ते पाढ्यांसारखं पाठ केलं.

इथे बालगंधर्वांचं नाव निघणारच, आणि बडोद्यात तर निघालंच पाहिजे. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली आणि तिला श्रीमंत सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात, १९१९ च्या फेब्रुवारीत याच शहरात झाला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व ठिगळांचं लुगडं नेसून आले, ही गोष्ट आपल्या घरांतून तीन पिढ्या सांगितली गेली आहे. त्यांचं नेसणं, केशरचना, चालणंबोलणं यांचं अनुकरण घरंदाज बायकांनी केलं, हेही सर्वांना ठाऊक आहे. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. मराठी नायिकेचा चेहरा कसा दिसावा, हे एका पुरुषाच्या चेहऱ्यावर चढवलेल्या रंगाने ठरवलं. त्यांच्या गाण्याबद्दल आणि अभिनयाबद्दल मी काय बोलणार! पण १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळ्यांसारख्या स्त्रिया स्त्रियांच्या भूमिकांत उभ्या राहिल्या, त्यानंतरही तो रंग उतरला नाही. बाई खरी आली, चेहरा मात्र रंगपेटीतलाच राहिला.

तिकडे अमेरिकेत पोलंडहून आलेला मॅक्स फॅक्टर हा टोप आणि रंग विकणारा कारागीर सिनेमावाल्यांच्या अडचणी सोडवत होता. रंगमंचावरचा जाड थर कॅमेऱ्यापुढे तडकायचा. १९१४ मध्ये त्याने पातळ, मलईसारखा रंग काढला, बारा छटांत. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, त्यामुळे लालसर कातडी पडद्यावर काळवंडलेली येई. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली आणि त्याने सगळा रंग नव्याने बसवला. १९१८ पासून तो बायकांना सांगू लागला, की पावडर सरसकट एकच लावू नका, तुमच्या कातडीला, केसांना, डोळ्यांना जुळेल ती घ्या. आपापला रंग ओळखून निवडण्याची कल्पना बाजारात आली ती साधारण इथून. मात्र त्याच्या तक्त्यात केस सोनेरी, तपकिरी, तांबूस असे होते. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या माणसाला त्यात जागा नव्हती.

१९३७ साली रंगीत सिनेमासाठी त्याने पॅनकेक काढलं. शूटिंग संपलं की नट्या त्या डब्या घरी घेऊन जात, असं सांगतात. पुढच्याच वर्षी ते दुकानात आलं. ओल्या स्पंजाने लावायची ही वडी म्हणजे मुख्यतः पूड. घामट, तेलकट चेहऱ्यावर ती छान बसते. कोरड्या चेहऱ्यावर मात्र तासाभरात भिंतीच्या चुन्यासारखे पोपडे धरते. दहा वर्षांनी त्याच घराण्याची मऊ कांडी आली, ती कोरड्या त्वचेला मानवे. कातडी तेलकट, कोरडी की मिश्र, ही विभागणी विसाव्या शतकाच्या आरंभी हेलेना रुबिनस्टाइन यांनी रूढ केल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. नाटकवाल्यांना ती बहुधा स्पंज हातात घेतल्यावरच कळली असावी.

आपल्या घरांत या सगळ्यातलं आलं काय? स्नो. इ. एस. पाटणवालांचं अफगाण स्नो १९१९ पासून मुंबईत तयार होत होतं आणि निळसर बाटलीतला तो गारवा कित्येक आज्यांच्या फडताळात होता. साबणाच्या जातीचं हे पांढरं मलम चोळलं की दिसेनासं होई आणि मागे एक कोरडा पापुद्रा ठेवी, त्यावर पावडर टिके. म्हणजे स्नो आणि वर पावडर, हेच आपलं पहिलं घरगुती फाउंडेशन. आमची आजी त्याला 'तोंड आवरणं' म्हणे. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' काढली. नाव एका फ्रेंच ऑपेराचं, मूळ आपल्या लक्ष्मीचंच. १९६१ पासून सिमोन टाटा तिथे आल्या आणि हिंदुस्थानी हवेसाठी, हिंदुस्थानी कातडीसाठी प्रसाधनं करण्याचा विचार पुढे गेला. तरी दुकानातल्या छटा बराच काळ मोजक्याच होत्या, आणि त्यांतली सगळ्यात गोरी आधी संपायची.

आता ज्या फोटोसाठी पेटी उघडली त्याकडे येतो. १९७४ चा गणेशोत्सव, नाटक 'एकच प्याला', सिंधू माझी धाकटी आत्या. आत्या सावळी. आवाज असा, की तालमीला दांडिया बाजारातली माणसं खिडकीशी उभी राहत. रंगभूषेला बाहेरून एक गृहस्थ बोलावले होते, हात चालता, दहा मिनिटांत एक चेहरा. त्यांनी आत्याला खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना लावला तोच पाच-नऊ चढवला, वर पावडर. आत्याने विचारलं, "काका, मान आणि हात?" ते म्हणाले, "लांबून दिसत नाही, बेटा."

दिसलं. सिंधू दळायला बसते त्या प्रवेशात दिवा थेट हातांवर होता. जात्याच्या खुंट्यावर तपकिरी हात आणि वर राखेसारखा चेहरा. पुढच्या रांगेतून कुणीतरी काही बोललं आणि दोन-चार माणसं हसली. एरवी ज्या जागी रुमाल निघतात, त्या जागी. आत्याने प्रयोग शेवटपर्यंत नेला, पदही सोडलं नाही. घरी येऊन खोबरेल तेलाने तोंड पुसलं आणि त्यानंतर ती कधी रंगमंचावर उभी राहिली नाही. कारण विचारलं की म्हणे, "आवाज बसला." आवाज बसला नव्हता. देवघरातून तो रोज ऐकू येत होता.

फोटो कृष्णधवल आहे, त्यामुळे मानेवरची ती रेघ अधिकच ठळक उमटली आहे. चेहरा राखेसारखा का दिसला, याचं कारण साधं आहे. आजही कुठल्याही बाटलीतला बेस मुळात चार रंगांचा असतो: तांबडा, पिवळा आणि काळा लोहाचा रंग, आणि वर एक पांढरी पूड. तांबडा म्हणजे आपला गेरू, पिवळा म्हणजे पिवडी. आता ते शुद्ध करून कारखान्यात बनवतात इतकंच. छटा उजळ करायची म्हणजे पांढरं वाढवायचं. हे पांढरं गव्हाळ कातडीवर गेलं की खालच्या तपकिरीला झाकतं, पण तिची ऊब घालवतं आणि उरतं ते राखाडी. सावळ्या माणसाला गोरा रंग फासून गोरा करता येत नाही, आजारी करता येतो.

त्वचेच्या शास्त्रातही आपण उशिराच आलो. अमेरिकन त्वचातज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये, म्हणजे आत्याच्या त्या प्रयोगानंतर वर्षाने, ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते यावरून प्रकार पाडले. ते आधी गोऱ्या लोकांपुरतेच होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे दोन प्रकार मागाहून जोडले गेले. त्याच १९७५ साली आपल्या देशात गोरं करण्याचं वचन देणारं एक क्रीम बाजारात आलं आणि त्याच्या नावातला 'फेअर' निघायला २०२० साल उजाडलं. २०१७ मध्ये गायिका रिहानाने एकदम चाळीस छटांचं फाउंडेशन आणलं, तेव्हा कुठे मोठमोठ्या कंपन्यांना गडद छटांची आठवण झाली.

यंदाच्या नाटकात माझ्या मुलीची मुलगी आहे. ती आत्याच्या रंगावर गेली आहे आणि थोडी आवाजावरही. तालमीच्या वेळी मी तिला पेटी दाखवली, तर तिने पाच नंबरची कांडी हातावर ओढून पाहिली आणि हसत सुटली. तिच्याकडून मी जे शिकलो ते रंगभूषा समितीतल्या मंडळींसाठी लिहून ठेवतो. छटा मनगटावर पाहायची नाही. जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढून, दाराशी दिवसाच्या उजेडात पाहायची, आणि जो पट्टा दिसेनासा होतो तो आपला. लगेच ठरवायचं नाही, अर्धा तास थांबायचं, कारण तेलकट कातडीवर रंग थोडा गडद होतो. भाद्रपदात बडोद्याची हवा दमट, त्यात सभागृहाचे दिवे. तेलकट चेहऱ्याला पाण्याचा पातळ बेस आणि वर पावडरीचा हलका हात पुरे. साठीच्या पुढच्या भूमिकेकऱ्यांची कातडी कोरडी, त्यांना आधी मलम चोळून दहा मिनिटं बसवायचं आणि पावडर जवळजवळ नाहीच. ज्यांना काही सोसत नाही त्यांच्या कानामागे आदल्या दिवशी ठिपका लावून पाहायचा. चेहऱ्याला जो रंग, तोच मानेला, कानांना आणि हातांना.

समितीने या वर्षी चार छटांच्या बाटल्या घेतल्या आहेत, त्यांतल्या दोन गडद. खर्चाच्या बैठकीत एकाने विचारलं, की एकीनेच भागणार नाही का. त्यांना फोटो दाखवला.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. प्रयोगाला येणार का म्हणून विचारायला गेलो, तर तिने आधी नातीची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, जबड्यावरचे तिन्ही पट्टे चष्मा लावून नीट पाहिले आणि मधल्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, पुढच्या रांगेतली खुर्ची ठेवा, गुडघे दुखतात, मागे चढवत नाही.