तप्त अणुकेंद्र : औष्णिक ऊर्जेची मर्यादा

जड आयनांच्या टकरीत दोन अणुकेंद्रे एकजीव झाली की टकरीच्या ऊर्जेचा मोठा वाटा आतल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या सैरावैरा हालचालीत विखुरतो. अशा अणुकेंद्राला तप्त अणुकेंद्र म्हणतात. त्यात मावणाऱ्या उष्णतेला मर्यादा असते. ती ओलांडली तर अणुकेंद्र आणखी तापत नाही, त्याचे तुकडे होतात.

तापमान : ते दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये (एमईव्ही) सांगण्याचा प्रघात आहे. १ एमईव्ही म्हणजे सुमारे ११६० कोटी केल्व्हिन. भिलाईच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीतून वितळलेले लोखंड साधारण १,५०० अंश सेल्सियसला बाहेर पडते. १ एमईव्ही हे तापमान त्याच्या ६५ लाख पट भरते. मात्र ही धग जेमतेम १०⁻²² ते १०⁻¹⁸ सेकंद टिकते. तापमापक लावण्याचा प्रश्नच येत नाही; बाहेर उडालेले न्यूट्रॉन, अल्फा कण आणि गॅमा किरण यांच्या ऊर्जेवरून तापमानाचा अंदाज बांधावा लागतो. नील्स बोर यांची संयुक्त अणुकेंद्राची कल्पना (१९३६), हान्स बेथे यांचे ऊर्जापातळ्यांच्या घनतेचे सूत्र आणि व्हिक्टर वाइसकॉफ यांचा बाष्पीभवन सिद्धांत (१९३७) हा या अंदाजाचा पाया आहे. बेथे यांच्या सूत्रानुसार साठलेली ऊर्जा तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिशाएवढे, म्हणजे २०८ कणांचे अणुकेंद्र ५ एमईव्हीला सुमारे ६५० एमईव्ही ऊर्जा बाळगते. त्याची एकूण बंधन ऊर्जा १,६३६ एमईव्ही असते.

मर्यादेची कारणे : तापलेल्या अणुकेंद्राचा पृष्ठताण घटतो, पण प्रोटॉनांमधील विद्युत प्रतिसारण फारसे ढळत नाही. एका टप्प्यावर प्रतिसारण वरचढ ठरते. लेव्हिट आणि बाँश यांनी १९८५ मध्ये हे गणिताने मांडले. प्रोटॉन जास्त असलेली जड अणुकेंद्रे त्यामुळे कमी तापमानालाच कोसळतात. दुसरी अडचण टकरीतच असते : वेग वाढवला तर काही कण ऊर्जा सर्वत्र वाटली जाण्याआधीच निसटतात आणि दिलेली सगळी ऊर्जा उष्णता बनत नाही.

प्रायोगिक पुरावा : जर्मनीतील डार्मश्टाट येथे सोन्याची अणुकेंद्रे सोन्यावर आदळवून १९९५ मध्ये उष्मा-आलेख प्रसिद्ध झाला. दर कणामागे ३ ते १० एमईव्ही ऊर्जा ओतूनही तापमान ५ एमईव्हीच्या आसपास घुटमळले. उकळत्या पाण्याचे तापमान वाफ होईपर्यंत वाढत नाही, तसाच हा प्रकार. हे द्रव-वायू स्थित्यंतरच होय, असे अनेकांनी मानले. आलेखाच्या वरच्या टोकाचा अर्थ मात्र वादग्रस्त आहे. २००२ मध्ये नाटोविट्झ व सहकाऱ्यांनी अनेक मोजमापे एकत्र केली. त्यांत हलक्या अणुकेंद्रांची मर्यादा ८-९, तर जडांची ६ एमईव्हीच्या आसपास आढळली.

मुंबई : कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था यांचा १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ पासून आहे. २००७ मध्ये त्याला अतिसंवाहक रेषीय वेगवर्धकाची जोड मिळाली. त्यातील तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा आहे आणि द्रव हीलियम त्यांना उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवते. तप्त अणुकेंद्रे घडवणारे यंत्र असे कमालीच्या थंडीत चालते.

पेलेट्रॉनवरील एक प्रयोग येथे विशेष महत्त्वाचा आहे. विवेक दातार, वंदना नानल आदींच्या गटाने लिथियमचा झोत थॅलियमवर सोडला. लिथियममधला ट्रायटन (एक प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन) थॅलियमला चिकटला आणि दुहेरी जादुई, म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन दोन्हींची कवचे भरलेले, शिसे-२०८ तप्त अवस्थेत जन्माला आले. उरलेल्या अल्फा कणाने त्याची खूण पटवली आणि बाष्पीभवनातील न्यूट्रॉनांनी त्याच्या ऊर्जापातळ्यांचा हिशेब दिला. जादुई अणुकेंद्रांना स्थैर्य देणारी कवच-रचना उष्णतेने किती झपाट्याने पुसली जाते, याचे परिमाणात्मक मापन या प्रयोगाने पहिल्यांदाच झाले (२०१३). अतिजड मूलद्रव्ये तप्त अवस्थेत कितपत तग धरतील, या गणितात हे मापन लागते.

कोलकाता : १९७७ मध्ये पहिला झोत देणाऱ्या सायक्लोट्रॉनवर कमी तापमानातील महाद्विध्रुव अनुस्पंदनाचा (प्रोटॉन व न्यूट्रॉन समूहांनी एकमेकांविरुद्ध डोलण्याचा) अभ्यास झाला आहे.

मुंबईत घडणारी तप्त अणुकेंद्रे मर्यादेच्या बरीच खाली राहतात. ५ एमईव्हीपर्यंत पोहोचायला दर कणामागे काही दशक एमईव्हीचे झोत लागतात. फ्रान्समधील गॅनिल या केंद्रात ते १९८३ पासून उपलब्ध आहेत.